प्रत नवी, तारीख मूळचीच: मोठ्या फाइली स्क्रिप्टने हलवताना

जुन्या हार्ड डिस्कवरील दहा-पंधरा वर्षांची चित्रीकरणे नव्या डिस्कवर घेण्यासाठी एखादी नाट्यसंस्था छोटीशी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला ओळीने द्यायच्या आज्ञांची फाइल, लिहून घेते, ती रात्रभर चालते, सकाळी सगळ्या फाइली नव्या जागी सुखरूप दिसतात. आणि तारखेनुसार क्रम लावायला गेल्यावर लक्षात येते की २०११ चा प्रयोग, २०१५ ची मुलाखत आणि मागच्या महिन्यातील तालीम या सर्वांवर काल रात्रीचीच तारीख आहे. फाइलींमधील एक बाइटही इकडचा तिकडे झालेला नसतो, तरीही कोणते चित्रीकरण केव्हाचे हे सांगणारी सर्वांत हाताशी असलेली खूण पुसली गेलेली असते. नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. बॅकअप घेणारी बहुतेक साधने फाइल बदलली की नाही हे तिचा आकार आणि तारीख पाहूनच ठरवतात, त्यामुळे तारखा गेल्या की पुढच्या बॅकअपच्या वेळी तीच शेकडो गिगाबाइट माहिती पुन्हा पहिल्यापासून वाहिली जाते.

फाइलची तारीख फाइलच्या आत लिहिलेली नसते, हे या सगळ्याचे मूळ आहे. डिस्कवरील फाइल सिस्टिम प्रत्येक फाइलसाठी एक वेगळी नोंद ठेवते आणि तिच्यात फाइलचा आकार, मालक, परवानग्या, मजकूर डिस्कवर कोठे कोठे पडला आहे त्याचे पत्ते आणि तारखा असतात. लिनक्समध्ये या नोंदीला आयनोड म्हणतात. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये ती मास्टर फाइल टेबल नावाच्या तक्त्यात असते. एखाद्या ग्रंथालयातील पुस्तकाची छायाप्रत काढून दुसऱ्या ग्रंथालयाला दिली, तर मजकूर तोच राहतो, पण दुसऱ्या ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत त्या दिवशीचीच तारीख पडते, कारण त्या वहीच्या दृष्टीने ते पुस्तक आजच आलेले असते. संगणकावरही नेमके हेच घडते. प्रत काढणे म्हणजे नवी फाइल उघडणे, तिच्यात जुन्या फाइलीतील बाइट ओतणे आणि ती बंद करणे. यातील शेवटचा बाइट ज्या क्षणी लिहिला गेला तो क्षण फाइल सिस्टिम प्रामाणिकपणे नोंदवते. मूळ तारीख हवी असेल तर ती जुन्या नोंदीतून वाचून नव्या नोंदीत मुद्दाम लिहावी लागते, आणि हे काम स्क्रिप्टला सांगितल्याशिवाय होत नाही.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते, जिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. दोन फाइली तंतोतंत सारख्या आहेत का हे तपासण्यासाठी एसएचए-२५६ सारखा चेकसम, म्हणजे फाइलीतील सर्व बाइटांवरून हिशेबाने निघणारा एक छोटा अंक, काढण्याची पद्धत आहे. तो फक्त मजकुरावरून काढला जातो, त्यामुळे तारीख पूर्णपणे हरवलेल्या प्रतीचाही चेकसम मूळ फाइलीशी अचूक जुळतो. म्हणजे मजकुराची तपासणी आणि तारखेची तपासणी ही दोन वेगळी कामे आहेत आणि एकात दुसरे येत नाही.

तारीख एक नसते

आपण सहज 'फाइलची तारीख' म्हणतो तेव्हा मनात बहुधा शेवटच्या बदलाची तारीख असते, म्हणजे मजकूर शेवटचा केव्हा लिहिला गेला ती. विंडोजमध्ये हिच्याबरोबर निर्मितीची तारीख आणि शेवटच्या वाचनाची तारीख अशा आणखी दोन तारखा सामान्य वापरकर्त्याला दिसतात. लिनक्समध्ये परंपरेने तीन तारखा आहेत: वाचनाची, मजकूर बदलाची आणि नोंद बदलाची. तिसरीला आज्ञांच्या भाषेत सी-टाइम म्हणतात, आणि यातील सी पाहून ती निर्मितीची तारीख असावी असे अनेकजण धरून चालतात; प्रत्यक्षात फाइलचे नाव, मालक किंवा परवानगी यांपैकी काहीही बदलले तरी ती बदलते. तिला हवे ते मूल्य देण्याची कोणतीही साधी सोय लिनक्स देत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण नोंदीत फेरफार केव्हा झाला हे सांगणारी तेवढी एकच तारीख उरते.

खऱ्या निर्मितीची तारीख लिनक्सच्या एक्स्ट-४ सारख्या फाइल सिस्टिमी ठेवतात आणि २०१७ पासून लिनक्सच्या गाभ्यात ती वाचण्याची सोयही आहे, पण बाहेरून ती बदलता येत नाही. त्यामुळे लिनक्सवर काढलेल्या कोणत्याही प्रतीची निर्मितीची तारीख ही प्रत काढल्याचीच तारीख राहणार, मग साधन कितीही चांगले असो. विंडोजवर मात्र तिन्ही तारखा लिहिता येतात.

विंडोजमधील एक विचित्र दिसणारी गोष्ट येथेच उलगडते. एक्सप्लोररमध्ये कॉपी आणि पेस्ट केलेल्या फाइलीचे प्रॉपर्टीज उघडले की ती २०२५ मध्ये तयार झाली पण तिच्यात शेवटचा बदल २०११ मध्ये झाला असे दिसते, म्हणजे जन्माआधीच बदल. यात बिघाड काही नाही. एक्सप्लोरर बदलाची तारीख मूळ फाइलीवरून उचलतो आणि निर्मितीची तारीख नव्याने देतो, कारण ही विशिष्ट प्रत त्या डिस्कवर खरोखर आजच जन्मली. तारखेनुसार क्रम लावताना अशा वेळी निर्मितीचा स्तंभ न वापरता बदलाचा स्तंभ वापरला तर बहुतेकांचा प्रश्न तेथेच मिटतो. वाचनाच्या तारखेच्या मागे लागण्यात मात्र फारसा अर्थ नाही. लिनक्स २००९ पासून सर्वसाधारणपणे ती प्रत्येक वाचनाला अद्ययावतही करत नाही, आणि प्रत काढण्यासाठी फाइल वाचली की ती मूळ ठिकाणीच बदलू शकते.

तयार साधने काय करतात

लिनक्सवरील सीपी ही आज्ञा साध्या रूपात वापरली तर तारीख जाते. तिला डॅश पी (-p) हा पर्याय जोडला की बदलाची आणि वाचनाची तारीख, परवानग्या आणि शक्य असल्यास मालकी टिकते. डॅश ए जोडला तर पूर्ण फोल्डर आतील सर्व गोष्टींसह जसेच्या तसे उतरते. म्हणजे बहुसंख्य स्क्रिप्टमधील चूक एका अक्षराची असते. फाइलींच्या नावांत मोकळ्या जागा असतील, आणि आपल्याकडे त्या असतातच, तर स्क्रिप्टमध्ये नाव धरून ठेवणारा चल (व्हेरिएबल) अवतरणचिन्हांत ठेवावा, नाहीतर 'वार्षिक प्रयोग अंक दोन' या एका फाइलीच्या जागी सीपी चार फाइली शोधत बसते.

आकार मोठा आणि संख्या बरीच असेल तर आरसिंक अधिक भरवशाचे आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आणलेले हे साधन आधी दोन्हीकडील आकार आणि बदलाची तारीख ताडून पाहते आणि जुळलेल्या फाइली सोडून देते. यामुळेच त्याला तारीख राखण्याचा डॅश टी हा पर्याय न देणे महागात पडते: पहिल्या खेपेत प्रतींवर आजची तारीख पडते, दुसऱ्या खेपेत ती मूळ तारखेशी जुळत नाही, आणि आरसिंक प्रत्येक फाइल बदललेली समजून पुन्हा हाती घेते. डॅश ए या पर्यायात डॅश टी आलेलाच असतो, म्हणून बहुतेकजण तोच वापरतात. लक्ष्य डिस्क एक्सफॅट किंवा फॅट-३२ पद्धतीची असेल तर मात्र तेथे मालक आणि गट ही कल्पनाच नसल्यामुळे डॅश ए चुकांच्या संदेशांची रांग लावतो. अशा डिस्कसाठी फक्त डॅश आर (आतल्या फोल्डरांसह उतरवण्याचा पर्याय) आणि डॅश टी देणे पुरेसे आहे आणि त्याने संदेशांत खरी चूक हरवत नाही.

विंडोजवर रोबोकॉपी हे साधन विंडोज व्हिस्टापासून प्रणालीबरोबरच येते. फाइलींचा मजकूर, गुणधर्म आणि तारखा ते काहीही न सांगता उतरवते, आणि एक्सप्लोरर जी निर्मितीची तारीख सोडून देतो तीही राखते. फोल्डरांच्या तारखा मात्र ते आपणहून राखत नाही. त्यासाठी डीकॉपी या पर्यायात टी हे अक्षर घालावे लागते. फार मोठ्या फाइलींसाठी 'जे' (/J) या अक्षराचा पर्याय आहे, त्याने मजकूर मधल्या स्मृतीसाठ्यात न साठवता थेट वाचला-लिहिला जातो. दोन गोष्टी स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने आधीच ठरवून टाकाव्यात. रोबोकॉपी यशस्वी झाल्यावरही १ हा अंक परत देते, ज्याचा अर्थ 'फाइली उतरल्या' असा आहे. शून्याखेरीज काहीही आले की अपयश मानणारी स्क्रिप्ट येथे विनाकारण थांबते, प्रत्यक्षात ८ किंवा त्याहून मोठा अंक आला तरच काही फाइली राहिल्या असे समजावे. दुसरे म्हणजे एखादी फाइल उघडता आली नाही तर हे साधन मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करते आणि दर दोन प्रयत्नांमध्ये तीस सेकंद थांबते. हिशेब केला तर एका अडलेल्या फाइलीपायी जवळजवळ वर्ष जाईल, म्हणून प्रयत्नांची संख्या तीन आणि थांबण्याचा काळ पाच सेकंद अशी काहीतरी माणसाला झेपणारी मर्यादा घालून द्यावी.

पायथॉनमध्ये लिहिणाऱ्यांसाठी शटिल या मॉड्यूलमध्ये दोन जवळजवळ सारख्या नावांची कार्ये आहेत. कॉपी हे मजकूर आणि परवानग्या उतरवते, तारखा नाही. कॉपी२ हे तारखाही उतरवण्याचा प्रयत्न करते. 'प्रयत्न' हा शब्द पायथॉनच्या अधिकृत माहितीतही सावधपणे वापरलेला आहे, कारण विंडोजवर निर्मितीची तारीख कॉपी२ च्या हातून सुटते. ती हवी असेल तर पॉवरशेलचा, म्हणजे विंडोजबरोबर येणाऱ्या आज्ञा-भाषेचा, मार्ग सोपा आहे. तेथे कॉपी झाल्यावर मूळ फाइलीचा क्रिएशनटाइम हा गुण वाचून तोच प्रतीच्या त्याच नावाच्या गुणाला देता येतो.

मोठ्या फाइलीचे वेगळेपण

वर सांगितलेली साधने पाच किलोबाइटच्या फाइलीलाही लागू आहेत आणि चाळीस गिगाबाइटच्याही. फरक वेळेचा आहे. यूएसबी २.० वर जोडलेल्या डिस्कवर प्रत्यक्षात सेकंदाला तीस-पस्तीस मेगाबाइट वेग मिळतो, म्हणजे चाळीस गिगाबाइटला वीस मिनिटे लागतात. या वीस मिनिटांत वीज जाऊ शकते, वायर हलू शकते, मूळ फाइलीत कोणीतरी बदल करू शकते. लहान फाइलीच्या बाबतीत ज्या गोष्टी एका क्षणात एकत्र उरकतात त्या येथे सुट्या पडतात, आणि मग त्यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

एका फाइलीचा प्रवास जवळून पाहू. समजा, नाटकाच्या पूर्ण प्रयोगाचे चाळीस गिगाबाइटचे चित्रीकरण आहे आणि ते उतरवण्याचे काम आपण स्वतःच्या स्क्रिप्टने करणार आहोत. सर्वप्रथम स्क्रिप्टने मूळ फाइलीचा आकार आणि तारखा वाचून बाजूला ठेवाव्यात. नंतर लक्ष्य फोल्डरमध्ये खऱ्या नावाने नव्हे तर तात्पुरत्या नावाने नवी फाइल उघडावी, उदाहरणार्थ नावापुढे 'अपूर्ण' जोडून. मजकूर एकदम वाचू नये. चाळीस गिगाबाइट स्मृतीत बसणार नाहीत आणि तसा प्रयत्न करणारी स्क्रिप्ट संगणकच गोठवते. एकेक किंवा काही मेगाबाइटचे तुकडे वाचावेत आणि लिहावेत, आणि हवे असल्यास वाचता वाचताच चेकसमही काढत जावा, म्हणजे मूळ डिस्क दुसऱ्यांदा वाचावी लागत नाही.

शेवटचा तुकडा लिहून झाला की काम झाले असे वाटते, पण तो तुकडा त्या क्षणी डिस्कवर असेलच असे नाही. कार्यप्रणाली लिहायचा मजकूर आधी स्मृतीत साठवते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. पेन ड्राइव्हवर मोठी फाइल टाकताना प्रगतीची पट्टी शेवटाला पोचून बराच वेळ अडून बसते त्याचे कारण हेच. म्हणून साठलेले सर्व डिस्कवर उतरवण्याची स्पष्ट विनंती करावी, जिला लिनक्सवर एफसिंक म्हणतात, आणि मग फाइल बंद करावी. तारीख लिहायची ती यानंतर. फाइल उघडी असतानाच तारीख लिहिली आणि त्यानंतर एखादा राहिलेला तुकडा उतरला, तर तो तुकडा आपली तारीख पुसून आजची टाकतो, आणि हा दोष कधी दिसतो कधी दिसत नाही, त्यामुळे शोधायला फार त्रासदायक असतो. नेटवर्कवरील सामायिक फोल्डरच्या बाबतीत तर फाइल बंद होण्याच्या क्षणी तारीख बदलण्याची शक्यता नेहमी धरूनच चालावे.

तारीख लिहून झाल्यावर मूळ फाइलीचा आकार आणि बदलाची तारीख पुन्हा एकदा वाचावी आणि सुरुवातीला बाजूला ठेवलेल्या मूल्यांशी ताडावी. त्या वीस मिनिटांत संकलकाने तीच फाइल उघडून जतन केली असेल, तर आपल्या प्रतीत अर्धा मजकूर जुना आणि अर्धा नवा असू शकतो, आणि त्यावर जुनी तारीख लावली म्हणजे बिघडलेल्या वस्तूवर अस्सलपणाचा शिक्का मारल्यासारखे होईल. सर्व जुळले तरच तात्पुरते नाव काढून खरे नाव द्यावे. एकाच डिस्कवर नाव बदलण्याने मजकूर हलत नाही आणि बदलाची तारीखही बदलत नाही, शिवाय ही क्रिया एका फटक्यात होते. त्यामुळे खऱ्या नावाने दिसणारी प्रत्येक फाइल ही पूर्ण उतरलेली आणि योग्य तारखेची आहे, अशी खात्री मिळते.

हा तात्पुरत्या नावाचा खटाटोप कशासाठी, असे वाटेल. काही साधने सुरुवातीलाच पूर्ण आकाराची जागा राखून ठेवतात. अशा अवस्थेत वीज गेली तर डिस्कवर चाळीस गिगाबाइट आकाराची, पण शेवटी नुसती शून्ये असलेली फाइल उरते, आणि तिच्यावर मूळ तारीखही आधीच लावलेली असेल तर पुढच्या खेपेला आकार आणि तारीख ताडणारे साधन ती पूर्ण समजून सोडून देईल. आकार बरोबर, तारीख बरोबर आणि आत अर्धे नाटक. आरसिंक हीच काळजी स्वतः घेते; ते टिंबाने सुरू होणाऱ्या छुप्या नावाने फाइल लिहिते, पूर्ण झाल्यावर तारीख लावते आणि मग नाव बदलते. स्वतःची स्क्रिप्ट लिहिण्याची खास गरज नसेल तर आरसिंक किंवा रोबोकॉपी यांनाच स्क्रिप्टमधून बोलावणे शहाणपणाचे, असे माझे स्पष्ट मत आहे. वरची पायरीमाला समजून घ्यायची ती साधन चुकल्यावर कोठे पाहायचे हे कळावे म्हणून.

फोल्डरांचे थोडे निराळे आहे. फोल्डरची बदलाची तारीख त्याच्या आत फाइल आली, गेली किंवा तिचे नाव बदलले की बदलते. म्हणून फोल्डर तयार केल्याबरोबर त्याला जुनी तारीख दिली तर आत पहिली फाइल पडताच ती पुसली जाते. सर्व फाइली उतरल्यावर, सर्वांत आतल्या फोल्डरपासून बाहेरच्याकडे येत, शेवटी तारखा द्याव्यात.

दोन सेकंद आणि साडेपाच तास

तारखा राखूनही त्या किंचित चुकतात, याची दोन कारणे आहेत. पहिले कारण बारकाव्याचे. एक्स्ट-४ तारीख नॅनोसेकंदांपर्यंत ठेवते, एनटीएफएस शंभर नॅनोसेकंदांच्या पायऱ्यांत, तर पेन ड्राइव्हवरील फॅट पद्धत बदलाची वेळ फक्त दोन सेकंदांच्या पायऱ्यांत ठेवते. तेथे विषम सेकंद अस्तित्वातच नाहीत. मूळ फाइलीवर ७ वाजून ३० मिनिटे १५ सेकंद असतील तर फॅटवर ते १४ किंवा १६ होणार, आणि काटेकोर तुलना करणारे साधन ही फाइल बदलली असे म्हणणार. यासाठी आरसिंकमध्ये मॉडिफाय-विंडो हा पर्याय आहे, रोबोकॉपीत एफएफटी. दोन्हींचा अर्थ 'दोन-एक सेकंदांचा फरक मनावर घेऊ नकोस' असाच. मोठ्या फाइलींच्या बाबतीत फॅट-३२ तसेही बाद होते, कारण त्यात एक फाइल चार गिगाबाइटच्या पुढे जाऊच शकत नाही. पर्याय एक्सफॅटचा, ज्याची पायरी दहा मिलिसेकंदांची आहे.

पायथॉनमध्येही या बारकाव्याचा एक छोटा सापळा आहे. फाइलीची वेळ दशांश अपूर्णांकाच्या रूपात वाचली तर आजच्या तारखांसाठी त्या अपूर्णांकाची लहानात लहान पायरी सुमारे २३८ नॅनोसेकंदांची पडते, म्हणजे वाचून तीच परत लिहिली तरी शेवटचे अंक बदलतात. वेळ नॅनोसेकंदांच्या पूर्णांकात वाचून पूर्णांकातच लिहिण्याची सोय आहे, तीच वापरावी.

दुसरे कारण भारतीय वापरकर्त्याला चांगलेच ओळखीचे वाटेल. एनटीएफएस, एक्स्ट-४ यांसारख्या पद्धती वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवतात आणि पडद्यावर दाखवताना तिचे स्थानिक वेळेत रूपांतर करतात. फॅट मात्र भिंतीवरच्या घड्याळात जे दिसते तेच साठवते आणि ते कोणत्या देशातील घड्याळ होते हे लिहून ठेवत नाही. कॅमेऱ्याचे कार्ड एका संगणकावर वाचताना ती वेळ स्थानिक धरली गेली आणि दुसऱ्यावर जागतिक, तर नेमका साडेपाच तासांचा फरक पडतो. सर्व फाइली एकसारख्या पाच तास तीस मिनिटांनी पुढे किंवा मागे दिसल्या तर तारखा हरवल्या असे समजून घाबरू नये. त्या शाबूत आहेत, फक्त वाचण्याचा संदर्भ चुकला आहे. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांना हाच प्रकार एका तासाच्या फरकाने दिसतो, कारण तेथे उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करतात. रोबोकॉपीत या एका तासासाठी डीएसटी नावाचा स्वतंत्र पर्यायच आहे. भारतात घड्याळे हलत नाहीत, त्यामुळे त्याची आपल्याला गरज पडत नाही.

काही तारखा तर पाहताक्षणी आपले मूळ सांगतात. १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच अशी तारीख दिसली तर ती वेळ म्हणजे लिनक्सच्या कालगणनेतील शून्य भारतीय वेळेत आहे, म्हणजे कोणत्यातरी साधनाने तारखेच्या जागी काहीच दिलेले नाही. १ जानेवारी १९८० ही फॅटची पहिली तारीख. कॅमेऱ्याच्या घड्याळाची बॅटरी संपली की ती कार्डावर उमटते. विंडोजची गणना १ जानेवारी १६०१ पासून सुरू होते, त्यामुळे सतराव्या शतकातील फाइल सापडली तर तेथेही शून्यच आहे.

उतरवल्यानंतर आणि उशीर झाल्यानंतर

चेकसम तारखेबद्दल काही सांगत नाही हे वर आलेच आहे, म्हणून तारखांची तपासणी स्वतंत्र करावी. सोपा मार्ग असा की दोन्हीकडच्या सर्व फाइलींची यादी काढावी, प्रत्येक ओळीत फोल्डरसह नाव, आकार आणि सेकंदांत बदलाची वेळ, आणि दोन्ही याद्या नावानुसार लावून डिफ या आज्ञेने ताडाव्यात. लिनक्सवर फाइंड ही आज्ञा अशी यादी एका ओळीत देते. फरक आलाच नाही तर डिफ गप्प राहते, आणि जुनी डिस्क पुसण्याआधी ती गप्प राहिलेली पाहणे आवश्यक आहे. यादीची एक प्रत नव्या डिस्कवरच साध्या मजकूर-फाइलीत ठेवून द्यावी. पुढे कधी तारखा गेल्या तरी त्या यादीवरून पुन्हा लावता येतात.

तारखा गेल्या आहेत आणि जुनी डिस्क अजून हाताशी आहे, अशा स्थितीत सगळे पुन्हा उतरवण्याची गरज नाही. आरसिंकला डॅश टी बरोबर साइज-ओन्ली हा पर्याय दिला की आकार जुळणाऱ्या फाइलींचा मजकूर ते हलवत नाही, फक्त तारखा दुरुस्त करते. कित्येक तासांचे काम काही मिनिटांत होते. हा मार्ग मजकूर आधीच तपासून झालेला असेल तरच वापरावा, कारण येथे नुसत्या आकारावर विश्वास ठेवलेला असतो. एखाद-दुसऱ्या फाइलीसाठी टच या आज्ञेचा डॅश आर हा पर्याय आहे, जो एका फाइलीची तारीख उचलून दुसरीला देतो. हीच टच आज्ञा कोणत्याही फाइलीला कोणतीही तारीख देऊ शकते, म्हणून फाइलीवरील तारीख ही सोयीची खूण मानावी. वाद निर्माण झाल्यास तिला एकटीला पुरावा समजू नये.

जुनी डिस्क उरलीच नसेल तर फाइलीच्या आत पाहावे लागते. कॅमेरा छायाचित्रात एक्झिफ नावाची माहिती भरतो आणि तिच्यात फोटो टिपल्याची तारीख असते. ती मजकुराचाच भाग असल्यामुळे कितीही प्रती काढल्या तरी जात नाही, फक्त संदेशवाहक ॲपमधून पाठवलेल्या छायाचित्रांतून ती बहुधा काढून टाकलेली असते. एमपी४ चित्रफितींतही निर्मितीची वेळ आत नोंदलेली असते. एक्झिफटूल हे मोफत साधन ही आतील तारीख वाचून फाइलीच्या बाहेरील तारखेवर लिहू शकते, तेही संपूर्ण फोल्डरसाठी एकाच आज्ञेत. फोनवरच्या अनेक फाइलींच्या नावातच वर्ष, महिना आणि दिवस सलग आठ अंकांत असतात. तेथून तारीख उचलणे हा शेवटचा मार्ग. चित्रफितींच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी: एमपी४ मधील वेळ नियमाप्रमाणे जागतिक प्रमाणवेळेत असायला हवी, पण अनेक कॅमेरे तेथे स्थानिक वेळच लिहितात. म्हणून संपूर्ण फोल्डरवर आज्ञा चालवण्यापूर्वी अशी एक चित्रफीत निवडावी जिची खरी वेळ आपल्याला ठाऊक आहे, उदाहरणार्थ रात्री साडेआठला पडदा उघडलेल्या प्रयोगाची. तिची तारीख लावून पाहिल्यावर दुपारचे तीन किंवा पहाटेचे दोन दिसले, तर त्या कॅमेऱ्याच्या सर्व फाइलींसाठी साडेपाच तासांची दुरुस्ती आज्ञेतच घालावी.